केपर, वाघाटे आणि आपले सोयीचे शब्द

"मराठीत केपरला शब्दच नाही." हे वाक्य महिन्याभरात तीनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा मात्र डोकं फिरलं. म्हणून हा लेख. नातेवाईक मंडळींनी आधीच समजून घ्यावं, की यात कोणाला टोमणा मारलेला नाही. (मारलाच असेल तर ज्याचा त्याला कळेल!)

पहिला माणूस म्हणजे माझा पुण्याचा भाचा. पिझ्झ्यावर वाटाण्यापेक्षा लहान, हिरवट, खारट-आंबट गोळ्या असतात, त्या केपर. त्याचं म्हणणं, "आत्या, ही आपल्याकडची वस्तूच नाही, मग शब्द कुठून येणार?" दुसरी माझी एक मैत्रीण. ती लहान मुलांच्या पुस्तकांची भाषांतरं करते. तिच्या पुस्तकात बकरीची पिल्लं माळावर 'केपर' करत होती आणि तिला क्रियापद सापडत नव्हतं. तिसरे गृहस्थ सिनेमावर लिहितात. चार-पाच जण मिळून बँक लुटतात, गंमतजंमत करत निसटतात, त्या जातीच्या सिनेमाला 'क्राइम केपर' म्हणतात. "याला मराठीत काही म्हणताच येत नाही हो" असं ते अगदी कळवळून म्हणाले.

गंमत बघा. तिघांच्या मनातला केपर वेगळा, पण निष्कर्ष एकच, तो म्हणजे मराठी अपुरी पडते. आणि तिघांपैकी एकानेही वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या बाईला विचारलेलं नाही.

आधी इंग्रजीचा दबदबा थोडा कमी करू. हा एकच शब्द इतके अर्थ पेलतो म्हणून आपण थक्क होतो, पण मुळात तो एक शब्द नाहीच. खाण्याचा केपर ग्रीक 'कॅपॅरिस'वरून लॅटिनमार्गे आला. शेवटचा 'स' अनेकवचनाचा आहे असं इंग्रजांना वाटलं, तो त्यांनी कापून टाकला आणि केपर उरला. म्हणजे अपभ्रंशच! आपल्या आजीने 'स्टेशन'चं 'टेसन' केलं की आपण हसतो, तसलाच प्रकार. उडी मारण्याचा केपर अगदी वेगळ्या घरातला. लॅटिनमध्ये बोकडाला 'कापेर' म्हणत, त्यावरून इटालियनमध्ये उडीला 'काप्रिओला' आणि ते आखडून इंग्रजीत केपर झालं. तिसरा एक केपर डच लोकांचा, सरकारी परवाना घेऊन समुद्रावर लूटमार करणाऱ्या जहाजाचा. त्याचं त्या दोघांशी काही नातं नाही. दरोड्याचा केपर तर विसाव्या शतकातली अमेरिकन गुन्हेगारांची बोली. वेगवेगळ्या गावची माणसं योगायोगाने एका नावाची निघाली, एवढंच. शेक्सपिअरने 'ट्वेल्थ नाइट'मध्ये दोन बेवड्यांच्या तोंडी यावरच कोटी घातली आहे.

असले योगायोग आपल्याकडे पैशाला पासरी. 'वार' घ्या. आठवड्याचा वार, तलवारीचा वार, कापडाचा वार, आणि गाय व्याली की पडते ती वार. याला कोणी मराठीचा चमत्कार म्हणत नाही. 'वऱ्हाड' घ्या. लग्नाचं वऱ्हाड निराळं आणि आम्ही राहतो ते वऱ्हाड निराळं. डॉ. लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधलं वऱ्हाड लग्नाचं आहे, पण वाशीमचं नाव सांगितलं की पलीकडचा हमखास त्या नाटकाचा विषय काढतो. आता मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

तर पहिला केपर, खायचा.

भाच्या, नीट वाच. तुझ्या पिझ्झ्यावर असतो तो केपर म्हणजे कॅपॅरिस स्पिनोसा नावाच्या काटेरी झुडपाची न उमललेली कळी. कळ्या खुडतात आणि मिठात नाहीतर व्हिनेगरमध्ये मुरवतात. याच कॅपॅरिस कुळातली सख्खी चुलत बहीण आपल्या नाल्याकाठी, गावकुसाच्या कुंपणावर आणि जुन्या धुऱ्यांवर वाढते. तिचं नाव वाघाटी. शास्त्रीय नाव कॅपॅरिस झेलॅनिका. काटे जोडीजोडीने, मागे वळलेले, वाघाच्या नखासारखे. एकदा लुगड्याचा पदर अडकला की फाडल्याशिवाय सुटत नाही. नाव कशावरून पडलं ते विचारायची गरज नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी फुलं येतात, लांबलचक तंतूंची, आणि एक-दोन दिवसांत गुलाबी होत जातात. मग लिंबाएवढी हिरवी फळं धरतात. ती वाघाटे.

आणि ही वाघाटे केव्हा खातात? आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. एकादशी सोडायची ती द्वादशीला वाघाट्याच्या भाजीने. याच मानामुळे फळाचं दुसरं नाव गोविंदफळ. (आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे गोविंदफय. हसायचं असेल तर हसून घ्या.) एरवी वर्षभर ज्या झुडपाला कोणी विचारत नाही, त्याची फळं त्या एका दिवसाकरता बायका काट्यांत हात घालून तोडतात आणि पाटीतून बाजारात आणतात. फळ फोडायचं, आतल्या कडू बिया काढून टाकायच्या, मिठाच्या पाण्यात उकळायचं, पाणी पिळून टाकायचं आणि मग तेलात परतायचं. तरी थोडा कडसरपणा राहतोच, तो राहायलाच पाहिजे. "वर्षातून एकदा तरी पोटात गेलं पाहिजे" असं म्हणत लहानपणी ती भाजी आमच्या पानात पडायची आणि आम्ही तोंडं वाकडी करायचो.

म्हणजे ज्या वस्तूला "आपल्याकडे नाहीच" म्हणून सोडून दिलं, ती आपल्याकडे नैवेद्याच्या ताटात आहे!

एवढ्यावर संपत नाही. याच कुळातली तिसरी बहीण नेपती, कॅपॅरिस डेसिड्युआ. राजस्थानात तिला केर म्हणतात. केर-सांगरीची भाजी आपल्या कारंजा-रिसोडकडच्या मारवाडी घरांत वाळवणाच्या डब्यातून निघते. ताकात नाहीतर मिठाच्या पाण्यात भिजवून त्याचाही कडूपणा काढावा लागतो. शिवाय पावसाळ्यात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात तो वायवर्णा, तोही याच घराण्यातला. मोहरी जरा लांबची नातेवाईक, म्हणून केपर चावला की नाकात झिणझिणतं तसं मोहरी फेसली की झिणझिणतं. काळ्या काठाची, काळ्या शिरांची पांढरी फुलपाखरं शेतात दिसतात ना, त्यांना इंग्रजीत 'पायोनिअर' म्हणतात आणि दुसरं नाव 'केपर व्हाइट'. त्यांच्या अळ्या या कुळातल्या झुडपांवर वाढतात. फुलपाखराला कळतं वाघाटी आणि केपर एका घरातले. आपल्या इंग्रजी शाळेतल्या पोरांना कळत नाही.

आता कोणी म्हणेल, कळी निराळी आणि फळ निराळं, पिझ्झ्यावरच्याला वाघाटं कसं म्हणणार? मान्य. म्हणूच नका. बाटलीतल्या कळीला खुशाल केपर म्हणा. मी शुद्धीवाली नाही. टेबल, बँक, पाव, बटाटा यातलं काहीच आपल्या बापजाद्यांचं नव्हतं आणि काही बिघडलं नाही. माझं भांडण परक्या शब्दाशी नाही. "आपल्याकडे नाही" या दोन शब्दांशी आहे. न शोधता नाही म्हणायचं, आणि ते म्हणताना जरासं मोठं झाल्यासारखं वाटायचं, ही जी सवय आहे ना, तिच्याशी आहे.

ही सवय जुनी आहे. मोल्सवर्थसाहेबाने पंडितांकडून शब्द गोळा करून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला. मोठं काम, मी त्याला नमस्कारच करते. पण तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. इंग्रजांच्या हाती ते आलं १८५३ साली. कोशाचे कारकून जिथे फिरले तिथली मराठी ती मराठी, आणि जिथे फिरले नाहीत तिथली ती बोली, असा हिशेब तेव्हापासून जो बसला तो अजून उठलेला नाही. वाशीमचं पोरगं पुण्यात 'काहून' म्हणालं की वर्ग हसतो. 'त्याले', 'मले' म्हणालं की दुरुस्त करतात. मग ते पोरगं काय करतं? शब्द गिळायला शिकतं. 'काहून' गिळतं, 'धुरा' गिळतं, 'वाघाटे' गिळतं. आणि वीस वर्षांनी तेच पोरगं पिझ्झा खाताना म्हणतं, मराठीत शब्दच नाही.

आणि हे कोणत्या गावाच्या पोरांनी करायचं? वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्यांचा ताम्रपट इथे १९३९ साली सापडला. त्यांच्यातला राजा सर्वसेन प्राकृतात काव्य लिहायचा, 'हरिविजय' त्याचं. वैदर्भी रीतीला प्राकृतात 'वच्छोमी' म्हणत, ते या गावावरून. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते वत्सगुल्मात! (म्हणजे दोन्ही अर्थांचं वऱ्हाड इथलंच.) ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. प्राकृताच्या जुनेपणावर दर्जा मिळवायचा आणि त्याच मातीत आज जे बोललं जातं त्याला गावंढळ म्हणायचं, हे मला तरी समजत नाही. जाता जाता, २०१८ साली याच वाशीमचं नाव देशातल्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत आलं. आधी अशा जिल्ह्यांना सरळ 'मागास' म्हणायचे. शब्द बदलल्याने रस्त्यावरचे खड्डे किती बुजले ते वाशीमकरांना ठाऊक. असो.

शब्द गिळला गेला तर निदान वस्तू राहील असं वाटतं, पण तसंही नाही. आमच्या जिल्ह्यात आता नजर जाईल तिथवर सोयाबीन. धुरा म्हणजे दोन शेतांमधली पडीक पट्टी. पूर्वी तिच्यावर बोरी, बाभळी, वाघाटी, तरवड असं काहीबाही असायचं. आता दरवर्षी वीतभर धुरा कोरून पेरतात, उरलेल्यावर तणनाशक मारतात. ई-क्लास जमिनीवर कोणाचं ना कोणाचं अतिक्रमण. नाला खोलीकरण आलं की जेसीबी आधी काठचं झुडूप साफ करतो, आणि लोक म्हणतात, कसं छान स्वच्छ झालं! मी शेतकऱ्याला दोष देत नाही. वीतभर जमिनीत निघणाऱ्या सोयाबीनचे पैसे त्याला मोजावे लागतात. वाघाटीचे पैसे कोण मोजतं?

मोजतात म्हणे, महोत्सवात. ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. टेबलावर पांढरी चादर, थर्माकोलच्या वाटीत भाजी, समोर नावाची पट्टी, साहेबांचा फोटो. हेतू चांगला आहे, नाही म्हणत नाही, शहरातल्या चार लोकांना करटुलं आणि तरोटा कळतो. पण द्वादशी तोवर होऊन गेलेली असते. आणि ज्या झुडपाच्या भाजीचं टेबलावर कौतुक करायचं, ते झुडूप ज्या नाल्याकाठी उभं आहे त्या नाल्याच्या कामात एक ओळ कोणी लिहीत नाही, की बाबा, वाघाटी सोडून खोदा. पाटी डोक्यावर घेऊन बसलेल्या बाईला मात्र आपण "काय हो, रानातलंच तर आहे, फुकटचं" म्हणत भाव पाडायला लावतो. हातावरचे ओरखडे बघावेत तिच्या.

दुसरा केपर उडीचा. इथे तर मराठीची गरिबी म्हणणं म्हणजे कमालच आहे. करडू बागडतं. वासरू शेपटी उभारून उधळतं. घोडा चौखूर जातो. माकडाच्या माकडचेष्टा. पोरं हुंदडतात, मोठी झाली की उंडारतात. कामाच्या वेळी टिवल्याबावल्या करतात, नको तिथे उचापती करतात, आणि सगळं अंगाशी आलं की त्याला उपद्व्याप म्हणतात. माझ्या मैत्रिणीला क्रियापद सापडलं नाही कारण ती कोशात शोधत होती. गोठ्यात शोधायला हवं होतं. कारंज्याजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. तिथे कळप एका दमात उधळतो तेव्हा चारी पाय हवेत असतात. इंग्रजांनी उडीचं नाव बोकडावरून का ठेवलं ते तिथे उभं राहिलं की कळतं. (फोटोवाल्यांना त्या उड्या फार आवडतात. ज्याच्या हरभऱ्यात त्या पडतात तो रात्रभर जागलीला बसलेला असतो, त्याला विचारू नका.)

बाय द वे, खायचा केपर आणि उडीचा केपर यांचं इंग्रजीत काही नातं नाही म्हटलं खरं, पण आमच्याकडे आहे. शेळीला काट्याचं वावडं नसतं. मागचे पाय रोवून, पुढचे पाय झुडपावर टेकवून ती वाघाटीचा कोवळा शेंडा ओरबाडते आणि पिल्लं भोवती उड्या मारतात. दोन्ही केपर एका चौकटीत.

पण या उडीच्या शब्दांतली एक गोष्ट मला खुपते आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. करडू बागडलं तर कौतुक. मुलगा हुंदडला तर "पोट्टं आहे, हुंदडणारच". तीच उडी चौदा वर्षांच्या मुलीने मारली की शब्द बदलतो. मग ते 'चाळे' होतात. "काय चाळे चालले वं तुहे?" हे वाक्य ऐकलं नाही अशी एक बाई वऱ्हाडात दाखवा. क्रिया तीच, पाय तेच, फक्त शब्द निराळा, आणि त्या एका शब्दात तिचं अंगणात खेळणं बंद होतं. जिला मराठीत शब्द कमी वाटतात तिने ही श्रीमंती एकदा बघावी. इथे एक शब्द कमी असता तर बरं झालं असतं.

यावरूनच तिसऱ्या केपरवर येते, कारण खरा राग तिथे आहे.

'क्राइम केपर'ला मराठी शब्द नाही म्हणणाऱ्या गृहस्थांनी रोजचं जिल्हा पान उघडावं. केपर म्हणजे काय? गुन्हा, पण गमतीदार करून सांगितलेला. आपल्या बातम्यांची तर ही मातृभाषा आहे! चोरी झाली की चोरट्यांनी 'डल्ला मारला'. दागिने गेले की 'हात साफ केला'. म्हातारीला फसवलं की 'गंडा घातला', ठेवीदारांना बुडवलं की 'चुना लावला' किंवा 'टोपी घातली'. अधिकाऱ्याने पैसे खाल्ले की त्याचा 'प्रताप', बाबाने बाईला नाडलं की त्याचा 'कारनामा'. पैशांचा पाऊस पाडतो सांगून कोणाला लुबाडलं, गुप्तधनासाठी कोणाच्या घरात खड्डा खणला, तरी मथळा असा की वाचणाऱ्याला आधी हसू यावं. गुप्तधनाच्या नादात कोणाचा जीव जाऊ शकतो म्हणून २०१३ साली या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि आपण मथळ्यात अजून शब्दांच्या कोलांट्या उड्या मारतोय.

याने काय होतं ते सांगते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि आपल्या विदर्भात गावोगाव सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींचा ढीग पडला. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणं लागतं. त्याचे पैसे, खताचे पैसे, पेरणीच्या ट्रॅक्टरचे पैसे, आणि सगळ्यात महाग म्हणजे तो पाऊस, जो परत येत नाही. दुबार पेरणी हे दोन शब्द आमच्या घरात कोणी हसत म्हणत नाही. पीक वाळलं की जेवताना लोक बोलत नाहीत, तसले ते शब्द आहेत. आणि अशा हंगामात कोणी बोगस बियाणं विकून जातो तेव्हा बातमी काय, तर 'बळीराजाला चुना'! ज्याने विकलं तो जणू एक चलाख, मिस्कील माणूस, आणि ज्याने घेतलं तो भोळा बळीराजा. 'चुना' म्हटलं की पानाचा ठेला आठवतो. 'फसवणूक' म्हटलं की पोलीस स्टेशन आठवतं. शब्द आपल्याला कुठल्या दारात नेऊन उभा करतो हे महत्त्वाचं आहे की नाही?

कोणी म्हणेल, अगं, मथळा आहे, चुरचुरीत नको का? हवा की. निवडणुकीच्या बातमीला करा चुरचुरीत, पक्षांतराच्या उड्यांना तर 'केपर'हून चपखल शब्दच नाही, तिथे वापरा वाटल्यास. पण ज्याच्या घरी फसवणूक झाली त्याच्या घरी मथळा वाचून दाखवता येईल का, एवढं बघावं. "तुमच्या आईला गंडा घातला" हे तिच्या मुलासमोर म्हणवतं का? आमच्या नात्यातल्या एका काकूची ठेव अशीच बुडाली. मी गावाचं नाव सांगत नाही आणि संस्थेचंही नाही. बातमी छापून आली तेव्हा शेजारच्या दोघी हसतच विचारायला आल्या, "काहून वं बाई, तुमालेही लावला का चुना?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मथळ्यानेच त्यांना तसं विचारायला शिकवलं होतं. काकूंनी त्यानंतर तक्रार द्यायला जायचं टाळलं. लोक हसतात म्हणाल्या.

आणि याच्या उलटा शब्द 'भानगड'. मूळ शब्द किती साधा! "काय भानगड आहे?" म्हणजे काय गुंता आहे. मोटारीच्या तारेत भानगड, सातबाऱ्यावर भानगड, पंचायतीच्या हिशेबात भानगड. पण एखाद्या मुलीने जातीबाहेरच्या मुलावर प्रेम केलं की तीही 'भानगड'. 'लफडं' तर विचारूच नका. म्हणजे लाखो रुपये बुडवणाऱ्याचा 'प्रताप' आणि दोन सज्ञान माणसांच्या प्रेमाची 'भानगड'! गुन्ह्याला खेळातला शब्द आणि प्रेमाला गुन्ह्यातला. हे असं उलटसुलट वाटप कोणी केलं? इंग्रजांनी नाही केलं. मोल्सवर्थने नाही केलं. आपणच केलं, आपल्या ओट्यावर बसून, शेंगा फोडता फोडता.

म्हणून सिनेमावाल्या गृहस्थांना माझं सांगणं असं, की तुम्हाला 'केपर' हवा असेल तर पडद्यापुरता घ्या. पडद्यावर बँक खोटी असते, पैसे खोटे असतात, गंमत चालते. पण हा शब्द जिल्हा पानावर आणू नका. चोराला लाडाने हाक मारायला आमच्याकडे आधीच डझनभर शब्द आहेत, तेराव्याची गरज नाही. जिथे आमच्याकडे शब्द जास्त आहेत तिथे तुम्ही आणखी एक आणता, आणि जिथे आमचा शब्द धुऱ्यावर मरतोय तिथे म्हणता शब्दच नाही.

मैत्रिणीला मी 'बागडणं' कळवलं. तिच्या संपादकांना ते "जरा जुनं" वाटलं म्हणे. तिने भांडून ठेवायला लावलं, त्याबद्दल तिचं अभिनंदन. भाच्यासाठी येत्या आषाढात वाघाटे पाठवणार आहे, उकळून, बिया काढून, म्हणजे त्याच्या आईची कटकट नको. कडू लागलं तर लागू दे.

मामी, तू हे वाचत असशील तर एक काम कर. तुमच्या मानोऱ्याच्या बाजारात तांड्यावरच्या बायका वाघाटे घेऊन येतात ना? गोरमाटीत त्याला काय म्हणतात ते विचारून ठेव. आणि विचारताना भाव पाडू नकोस.